रिळावरून पाण्याखाली सुटणारी केबल: मॉडेल कसे बांधावे आणि चाचणी कशी घ्यावी

पाण्याखाली रिळावरून केबल सुटण्याचे मॉडेल बांधणारे बहुतेक जण पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतात. ताण वाढून केबल तुटेल का, एवढेच ते पाहतात, कमाल ताणाचा आलेख काढतात आणि काम संपले असे मानतात. बारीक केबलचा घात मात्र अनेकदा ताण नाहीसा झाल्याने होतो. केबल सैल पडते, तिच्यात साठलेला पीळ फासाच्या रूपाने बाहेर उसळतो आणि पुन्हा ओढ बसली की तोच फास आवळून केबलला कायमचा मोड पडतो. म्हणून या लेखातील सगळे टप्पे किमान ताण आणि पीळ या दोन राशींभोवती रचले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्याचा आकडा पुढच्या टप्प्यात लागतो.

संपूर्ण लेखात उदाहरणादाखल एकच केबल घेतली आहे. तिचा व्यास १ मिमी, वस्तुमान मीटरला १.१ ग्रॅम, स्थितिस्थापकता गुणांक सरासरी १० गिगापास्कल, रिळाची त्रिज्या १० सेंमी, सुटण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १०२५ किलोग्रॅम आहे. हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या केबलचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील.

## टप्पा १: रीळ कोठे आहे आणि ते फिरते का, हे ठरवा

रीळ जहाजावर असेल आणि पाण्याखालचे यान केबलचे टोक ओढत पुढे जात असेल, तर सुटलेली सगळी केबल पाण्यातून घासत जाते. वर घेतलेली १ मिमी केबल १००० मीटर सुटली असेल, यानाचा वेग सेकंदाला १.५ मीटर असेल आणि केबलच्या पृष्ठभागावरील घर्षणाचा गुणांक ०.०१ धरला, तर नुसत्या घर्षणाची ओढ सुमारे ३६ न्यूटन भरते. रीळ यानावरच असेल, तर सुटलेली केबल पाण्यात जागच्या जागी राहते, यान तिच्यापासून दूर जाते आणि ही ओढ जवळजवळ शून्य होते. केबल तीच आणि वेगही तोच असला, तरी हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एकाचे मॉडेल दुसऱ्याला लावता येत नाही.

दुसरा प्रश्न फिरण्याचा. केबल फिरत्या ड्रमवरून बाजूने सुटली, तर तिच्यात नवा पीळ पडत नाही, पण ड्रमचे जडत्व आणि तो घुसळत असलेले पाणी हिशोबात येते. रीळ स्थिर ठेवून केबल त्याच्या अक्षाच्या दिशेने ओढली, तर जडत्वाचा त्रास जातो, पण सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यामागे केबलला एक पूर्ण पीळ बसतो.

तिसरा प्रश्न असा की केबल बाहेरच्या थरापासून सुटते की आतल्या पोकळीतून. बाहेरून सुटत असेल, तर रीळ रिकामे होताना त्रिज्या घटते आणि शेवटचे मीटर सर्वांत अवघड ठरतात. आतून सुटत असेल, तर सुरुवातीचे मीटर अवघड असतात. चाचणीसाठी रिळाचा कोणता भाग वापरायचा हे यावरच ठरते.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एक वाक्य लिहून ठेवा. "अमुक स्थितीत, अमुक ठिकाणी ताण अमुक मर्यादेखाली गेला, तर रचना अपयशी मानू." हे वाक्य लिहिता येत नसेल, तर मॉडेलला हात लावू नका.

## टप्पा २: केबल ओली करून तिचे गुणधर्म मोजा

उत्पादकाच्या तक्त्यात तुटण्याचा ताण, हवेतील वजन आणि किमान वाकण्याची त्रिज्या मिळते. आपल्याला लागणाऱ्या बहुतेक राशी तेथे नसतात, आणि ज्या असतात त्या कोरड्या केबलच्या, खोलीच्या तापमानाला मोजलेल्या असतात. नायलॉनसारखी आवरणे पाणी शोषून फुगतात आणि मऊ पडतात. वेढे चिकटवून ठेवणारा बंधक पदार्थ थंडीत ताठरतो. त्यामुळे नमुना किमान एक दिवस पाण्यात भिजवावा आणि शक्य असेल तेथे ज्या तापमानाला केबल वापरायची आहे त्याच तापमानाला मोजमाप करावे.

पाण्यातील वजन थेट पाण्यात मोजा. व्यास आणि हवेतील वजन यांवरून ते काढले, तर व्यासातील लहानशी चूक उत्तरात मोठी होते, कारण हे वजन दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी असते. उदाहरणातील केबल पाण्यात मीटरला सुमारे २.९ मिलिन्यूटन भरते.

पिळण्याची ताठरता मोजण्यासाठी केबलच्या ज्ञात लांबीच्या खालच्या टोकाला ज्ञात जडत्वाची चकती टांगा, ती थोडी पिळून सोडा आणि आंदोलनाचा काळ मोजा. वाकण्याची ताठरता मोजताना एक टोक पक्के धरून मोकळे टोक किती झुकते ते पाहा, आणि हेच मोजमाप केबल आडवी धरून चारही बाजूंनी करा. चार बाजूंची उत्तरे वेगळी आली, तर केबलमध्ये रिळाचा बाक उरला आहे. हा बाक नोंदवून ठेवा, तो टप्पा ४ मध्ये लागेल.

केबल बंधकाने चिकटवलेली असेल, तर एक वेढा सोलून काढायला किती बल लागते ते तीन वेगवेगळ्या वेगांना मोजा. केबलमध्ये प्रकाशतंतू असेल, तर सुरुवातीचा प्रकाशक्षय, म्हणजे तंतूतून जाताना प्रकाश किती घटतो ते, १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला नोंदवा, कारण तंतू वाकल्याचा परिणाम १३१० पेक्षा १५५० ला लवकर दिसतो.

इशारा: नमुने त्याच ड्रममधून घ्या ज्याची केबल पुढे चाचणीत वापरणार आहात. "त्याच जातीची" केबल पुरेशी नाही.

## टप्पा ३: पिळाचा हिशोब मांडा

या कामात सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

स्थिर रिळावरून अक्षाच्या दिशेने केबल ओढताना एका वेढ्याला ३६० अंश पीळ पडतो. १० सेंमी त्रिज्येच्या वेढ्याची लांबी सुमारे ६३ सेंमी असते, म्हणजे दर मीटरला पीळ १० रेडियन होतो. दर मीटरचा पीळ म्हणजे त्रिज्येचा व्यस्त, हे लक्षात ठेवले की हिशोब तोंडी होतो. रीळ रिकामे होत त्रिज्या ५ सेंमीवर आली की पीळ मीटरला २० रेडियन होतो.

हा पीळ टाळण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. पहिल्या मार्गात केबल गुंडाळतानाच प्रत्येक वेढ्याला एक उलटा पीळ देतात, म्हणजे सुटताना पडणारा पीळ आणि हा पीळ एकमेकांना संपवतात. दुसऱ्या मार्गात केबल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रचतात, ज्यात एका बाजूच्या वेढ्याचा पीळ दुसऱ्या बाजूच्या वेढ्याने फिटतो. दोन्ही मार्ग चांगले आहेत, पण "उलटा पीळ दिला आहे" या शब्दांवर विसंबून मॉडेलमध्ये पीळ शून्य धरू नये. उलट्या पिळाची दिशा चुकली, तर पीळ संपण्याऐवजी दुप्पट होतो, आणि ही चूक गुंडाळलेल्या रिळाकडे नुसते पाहून ओळखता येत नाही.

दिशा तपासण्याचा खात्रीचा उपाय साधा आहे. गुंडाळण्यापूर्वी केबलच्या दहा-पंधरा मीटर भागावर एका बाजूने सरळ रेघ ओढा. रिळावर चढवल्यानंतर तेवढाच भाग प्रत्यक्ष कामातल्याप्रमाणे हळूहळू सोडा, त्याची दोन्ही टोके धरून ठेवा आणि रेघ केबलभोवती किती वेळा फिरली ते मोजा. रेघ सरळ राहिली तर हिशोब जमला. मीटरला तीनपेक्षा जास्त वेळा फिरलेली दिसली, तर १० सेंमी त्रिज्येच्या रिळावर दिशा उलटी झाली आहे, कारण पीळ न दिलेल्या केबलची रेघ मीटरला साधारण दीड वेळाच फिरते.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. पीळ केबलभर सारखा पसरलेला नसतो. बाहेर पडण्याच्या मार्गदर्शक कडीवर घर्षण असेल, तर कडी केबलला पुढे जाऊ देते पण पिळाला अडवते. मग कडीच्या मागे, रिळाच्या बाजूला पीळ साचत जातो आणि हिशोबातील सरासरी पिळापेक्षा तेथे कितीतरी जास्त पीळ जमतो. मॉडेलमध्ये कडी म्हणजे नुसता एक बिंदू मानणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

## टप्पा ४: किमान ताणाची मर्यादा काढा आणि ती पाण्यात पडताळा

लांब, सरळ, पिळलेली केबल कोणत्या ताणाखाली स्थिरता गमावते याचे सूत्र जुने आणि सोपे आहे. पिळाच्या टॉर्कचा, म्हणजे पिळणाऱ्या आघूर्णाचा, वर्ग घ्यावा आणि त्याला वाकण्याच्या ताठरतेच्या चौपटीने भागावे. आलेल्या ताणाखाली केबल सरळ राहू शकत नाही.

उदाहरणातील केबलची वाकण्याची ताठरता सुमारे ४.९ गुणिले १० चा उणे चौथा घात आणि पिळण्याची ताठरता सुमारे ३.७ गुणिले १० चा उणे चौथा घात, दोन्ही न्यूटन-चौरस मीटरमध्ये आहेत. पीळ मीटरला १० रेडियन असताना टॉर्क ३.७ मिलिन्यूटन-मीटर होतो आणि मर्यादेचा ताण साधारण ७ मिलिन्यूटन येतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण उभ्या लोंबणाऱ्या केबलच्या खालच्या भागाला एवढा ताण हवा असेल, तर त्याखाली आणखी सुमारे अडीच मीटर केबलचे पाण्यातील वजन लोंबकळत असले पाहिजे. केबल तळाला टेकली की तेथे ताण शून्य होतो, आणि पीळ फिटवलेला नसेल तर टेकण्याच्या जागेवर फास पडणे जवळजवळ ठरलेले असते.

व्यास आणि त्रिज्या यांचा या मर्यादेवर होणारा परिणाम वेगळा लक्षात ठेवावा. इतर सर्व तसेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर मर्यादा १६ पट वाढते. रिळाची त्रिज्या निम्मी केली, तर ती ४ पट वाढते. १० मिमी व्यासाच्या केबलला याच रिळावर सुमारे ७० न्यूटन ताण सतत राखावा लागेल. जाड केबल पीळ न फिटवता स्थिर रिळावरून सोडण्याचा विचार येथेच सोडून द्यावा.

सूत्र सरळ केबलसाठी आहे, आणि रिळावर राहिलेली केबल सरळ नसते. तिचा उरलेला बाक फासाला आयतीच सुरुवात करून देतो, म्हणून प्रत्यक्षातील मर्यादा सूत्राहून वर असते. ती किती वर आहे हे मोजावे लागते. दोन मीटर भिजवलेली केबल टाकीत आडवी धरा, एका टोकाला मोजून पीळ द्या, दुसऱ्या टोकाचा ताण अगदी हळू कमी करा आणि फास उसळतो त्या क्षणाचा ताण नोंदवा. नंतर ताण पुन्हा वाढवा आणि फास उलगडतो की आवळत जातो ते पाहा. आवळत जाणारा फास हेच तुमचे खरे अपयश आहे. प्रकाशतंतू असेल, तर या वेळी प्रकाशक्षयही नोंदवत राहा.

तपासणी: मोजलेली मर्यादा सूत्राच्या उत्तराहून कमी आली, तर आनंदून जाऊ नका. बहुधा पिळण्याची ताठरता जास्त मोजली गेली आहे किंवा टोकाच्या पकडीतून पीळ निसटला आहे.

## टप्पा ५: संगणकाआधी कागदावर हिशोब करा

सुटणारा वेढा रिळाभोवती फिरत बाहेर येतो. वेग सेकंदाला ५ मीटर आणि त्रिज्या १० सेंमी असेल, तर तो सेकंदाला सुमारे ८ फेरे मारतो आणि कडेला त्याचा आडवा वेग जवळपास ५ मीटरच असतो. रोधगुणांक, म्हणजे पाणी किती अडवते हे सांगणारा आकडा, १ धरला, तर कडेला मीटरमागे १२.८ न्यूटन रोध होतो. कडेपासून अक्षापर्यंत वेग घटत जातो, म्हणून १० सेंमी लांबीवरचा एकूण रोध सुमारे ०.४३ न्यूटन भरतो. स्थिर केबलला ५ मीटर वेग देण्यासाठी लागणारा ताण, म्हणजे मीटरमागचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, फक्त ०.०३ न्यूटन आहे. पाण्यात रोधाचा वाटा जडत्वापेक्षा कितीतरी मोठा असतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

हवेत हे चित्र उलटे असते, कारण समुद्राचे पाणी हवेपेक्षा सुमारे ८५० पट घन आहे. टेबलावर कोरडी चाचणी घेऊन "केबल सुरेख सुटते" असे म्हणणारे जडत्वाचीच चाचणी घेत असतात. कोरडी चाचणी वेढे अडकतात का एवढेच सांगू शकते.

बुडण्याचा वेगही काढून ठेवा. रोधगुणांक १ धरून उदाहरणातील आडवी केबल सेकंदाला सुमारे ७.५ सेंमी वेगाने बुडते असे उत्तर येते. पण एवढ्या कमी वेगाला रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर, ७० च्या आसपास असतो आणि तेथे रोधगुणांक १.५ च्या जवळ जातो. तो घालून पुन्हा केले की वेग ६ सेंमी येतो. रोधगुणांक एकदा निवडून सगळीकडे वापरणे चूक आहे. वेगानुसार तो बदलत राहिला पाहिजे.

फिरता ड्रम असेल, तर थांबण्याचा हिशोब करा. ड्रमचे आणि त्यासोबत फिरणाऱ्या पाण्याचे मिळून जडत्व ०.२ किलोग्रॅम-चौरस मीटर, वेग सेकंदाला २० रेडियन, त्रिज्या २० सेंमी आणि ब्रेक धरून सरासरी विरोधी टॉर्क २ न्यूटन-मीटर असेल, तर यान अचानक थांबल्यावर ड्रम आणखी २ सेकंद फिरतो आणि ४ मीटर केबल सैल सोडतो. एवढी सैल केबल कुठे जाईल हे मॉडेलला विचारण्याआधी स्वतःला विचारावे.

## टप्पा ६: मॉडेल बांधा, पण तीन सोप्या उत्तरांवर आधी तपासा

केबलचे लहान विभाग कल्पून प्रत्येकाचे वस्तुमान सांध्यांवर ठेवण्याची पद्धत, जिला लम्प्ड मास म्हणतात, बहुतेक कामांना पुरते. ऑर्काफ्लेक्ससारखे व्यावसायिक आणि मूरडिनसारखे मुक्त सॉफ्टवेअर याच विचारावर चालतात. मात्र लम्प्ड मास मॉडेलच्या साध्या रूपात पीळ नसतो. अशा मॉडेलच्या चलचित्रात फास दिसला नाही म्हणजे फास पडणार नाही, असे मुळीच नाही. एकतर पीळ आणि वाकणे धरणारे मॉडेल वापरा, किंवा साध्या मॉडेलमधून प्रत्येक सांध्याचा ताण काढून टप्पा ४ मधील मोजलेल्या मर्यादेशी ताडा. मी दुसऱ्या मार्गाने सुरुवात करतो, कारण चूक कुठे आहे ते त्यात लवकर सापडते.

विभागाची लांबी अंदाजाने निवडू नका. वाकण्याची ताठरता भागिले ताण, याचे वर्गमूळ म्हणजे वाकण्याची स्वाभाविक लांबी. ताण १० मिलिन्यूटन असताना ती उदाहरणात सुमारे २२ सेंमी येते. विभाग तिच्या पाचव्या भागाहून मोठा नको, म्हणजे साधारण ४ सेंमीचा हवा. या केबलमध्ये ताणाची लाट सेकंदाला सुमारे २७०० मीटर वेगाने जाते, म्हणून ४ सेंमी विभागासाठी कालपायरी, म्हणजे गणिताच्या दोन पावलांमधील वेळ, १५ मायक्रोसेकंदांहून लहान ठेवावी लागते. गणित लवकर संपावे म्हणून केबलची ताणताठरता कृत्रिमपणे कमी करण्याची सवय अनेकांना असते. संथ सुटण्याच्या अभ्यासात ती चालते, अचानक थांबण्याच्या अभ्यासात नाही.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे रिळापाशी नवी केबल मॉडेलमध्ये येण्याची जागा. तेथे शेवटचा विभाग लांबत जातो आणि ठरावीक लांबीनंतर त्याचे दोन विभाग होतात. त्या क्षणी संवेग आणि ताण जुळवून घेतले नाहीत, तर ताणाच्या आलेखात नियमित काटे उमटतात, आणि हे काटे रिळाच्या वेढ्यांचे आहेत असा गैरसमज सहज होतो.

इशारा: केबल सुटण्याचा वेग यानाच्या वेगाइतका पक्का बांधून ठेवू नका. तसे केल्यास मॉडेलमध्ये केबल कधीच सैल पडणार नाही. सोलण्याच्या बलाहून ताण जास्त असेल तेव्हाच केबल सुटावी आणि ड्रम फिरता असेल तर त्याच्या गतीचे समीकरण वेगळे सोडवले जावे, अशी अट घाला.

आता तीन तपासण्या कराव्यात. स्थिर पाण्यात आडवी सोडलेली केबल टप्पा ५ मधील वेगानेच बुडली पाहिजे. स्थिर वेगाने जाणाऱ्या यानातून तेवढ्याच वेगाने सुटणारी केबल पाण्यात सरळ तिरकी रेषा धरते आणि तिचा आडव्याशी कोन लहान असेल, तर तो बुडण्याचा वेग भागिले यानाचा वेग एवढा असतो. यान सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल, तर हा कोन सुमारे ०.०६ रेडियन, म्हणजे साडेतीन अंश येतो. तिसरी तपासणी अशी की तळाशी ताण शून्य असताना आणि केबलच्या पृष्ठभागावरील घर्षण शून्य केल्यावर वरच्या टोकाचा ताण, कोन कितीही असो, पाण्यातील वजन गुणिले खोली एवढाच असतो. १०० मीटर खोलीला उदाहरणात तो ०.२९ न्यूटन होतो. या तीनपैकी एक जरी उत्तर चुकले, तरी पुढचे काहीही चालवू नका.

## टप्पा ७: रीळ गुंडाळा आणि भिजवा

गुंडाळताना ताण एकसारखा ठेवा आणि तो थरागणिक नोंदवा. बाहेरचे थर आतल्यांपेक्षा जास्त ताणात गुंडाळले, तर ते खालच्या थरात रुतून बसतात आणि सुटताना झटके देतात. थराच्या टोकाला केबल जेथे वर चढते त्या जागा नोंदवून ठेवा, कारण ताणाच्या आलेखातील मोठे काटे नंतर त्यांच्याशीच जुळतात.

कोरडे रीळ थेट पाण्यात टाकून चाचणी घेऊ नये. थरांमध्ये अडकलेली हवा वेढे उचलते आणि पाण्याखाली दाब वाढला की ती आकसून रीळ ढिले पडते. रीळ पाण्यात बुडवून निर्वात पंपाने हवा काढा, किंवा ते शक्य नसेल तर बुडबुडे येणे पूर्ण थांबेपर्यंत वेळोवेळी फिरवत भिजत ठेवा. केबलच्या आवरणात फेस असेल, तर दाबाचा परिणाम वेगळा तपासावा लागतो, कारण १००० मीटर खोलीवर दाब सुमारे १० मेगापास्कल असतो आणि तेथे आवरण दबून सगळे वेढे सैल होऊ शकतात.

## टप्पा ८: टाकीची मांडणी करा

टाकीत स्थिर रीळ ठेवून बाहेरच्या कॅप्स्टनने, म्हणजे केबल ओढणाऱ्या फिरत्या चाकाने, केबल ओढणे ही नेहमीची मांडणी आहे. तिच्यात एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी मंडळीही अडकतात. रीळ यानावर असते तेव्हा बाहेर पडलेली केबल पाण्याच्या मानाने स्थिर असते, तर टाकीत तीच केबल सेकंदाला ५ मीटर वेगाने पाण्यातून धावते. उदाहरणातील केबल टाकीत नुसती ५ मीटर धावली, तरी पृष्ठभागाच्या घर्षणाने सुमारे २ न्यूटन ताण वाढतो. रिळाचा स्वतःचा वाटा अर्ध्या न्यूटनहूनही कमी आहे. कॅप्स्टनजवळ ताण मोजणारा माणूस रिळाची नव्हे, तर टाकीची चाचणी घेत असतो.

यावर दोन उपाय आहेत. शक्य असेल, तर रिळाचे सगळे खोके लोडसेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या उपकरणावर, बसवा आणि रिळावर येणारे बल थेट मोजा. नाहीतर रीळ न लावता, केबल टाकीच्या एका टोकाकडून सरळ आत घेऊन त्याच लांबीवर त्याच वेगांना ओढा आणि तो ताण वजा करा. या कोऱ्या फेऱ्या प्रत्येक वेगाला घ्याव्यात, एकीवरून दुसरीचा अंदाज करू नये.

लोडसेल जेथे बसवला आहे तेथेच, पाण्यात बुडालेला असताना, ज्ञात वजने लावून तपासा. कप्पीवरून ताण मोजत असाल, तर कप्पीचे घर्षण दोन्ही दिशांनी मोजा. नोंदींचा वेग सेकंदाला किमान १००० ठेवा. सेकंदाला ८ फेरे असताना १०० नोंदी पुरतील असे वाटते, पण एका फेऱ्यात दोन-तीन झटके असतात, त्यांचा आकार जतन व्हायला हवा, आणि ताणाची दरी ही शिखराइतकीच तीक्ष्ण असू शकते.

कॅमेरा दोन ठिकाणी हवा. एक मार्गदर्शक कडीच्या मागे, जेथे पीळ साचतो, आणि दुसरा केबलवरील रेघेचा पीळ मोजण्यासाठी कडीच्या पुढे. रीळ लहान करून चाचणी घेण्याचा मोह टाळा, कारण रेनॉल्ड्स अंक, वाकण्याची ताठरता आणि वजन हे तिन्ही एकाच प्रमाणात लहान होत नाहीत. टाकी लहान असली तरी चालेल, पण रीळ पूर्ण आकाराचेच हवे.

इशारा: धावत्या केबलजवळ हात, सैल कपडे आणि दोरीचे हातमोजे नकोत. कॅप्स्टन तात्काळ थांबवणारे बटण केबल पाहणाऱ्या माणसाच्या हाताशी असावे, संगणकापाशी नव्हे. टाकीजवळील विजेच्या जोडणीवर गळतीरोधक ट्रिप स्विच असलाच पाहिजे.

## टप्पा ९: चाचण्यांचा क्रम

पहिल्या चाचणीआधी मॉडेलचे भाकीत तारखेसह लिहून बंद करा. नंतर लिहिलेले भाकीत कोणाच्याच उपयोगाचे नसते, लिहिणाऱ्याच्याही नाही.

सुरुवात स्थिर वेगांच्या फेऱ्यांनी करा. कमी, मध्यम आणि पूर्ण असे तीन वेग घ्या, प्रत्येकाच्या किमान तीन फेऱ्या करा, पण वेगांची पाळी आडवीतिडवी ठेवा. चढत्या क्रमाने चाचण्या घेतल्या, तर वेगाचा परिणाम आणि रीळ रिकामे होण्याचा परिणाम एकमेकांत मिसळतात. नंतर हळू सुरुवात, झटक्याची सुरुवात आणि शेवटी अचानक थांबणे घ्या. थांबण्याच्या फेऱ्या शेवटी ठेवण्याचे कारण सरळ आहे, त्यांतच केबल खराब होते.

सुटलेली केबल पुन्हा गुंडाळून चाचणीला वापरू नका. तिचा बाक, बंधक आणि उरलेला पीळ हे सर्व बदललेले असते. मोजलेल्या किमतींचा विखुरलेपणा पाहून "आपले मॉडेल साधारण जुळले" असे म्हणण्याची वेळ बहुधा अशाच पुन्हा वापरलेल्या केबलमुळे येते.

तपासणी: प्रत्येक फेरीनंतर सुटलेली केबल बोटांमधून आणि उजेडात तपासा. ज्या मीटरवर मोड दिसला, त्या मीटरची वेळ काढून तेथील ताणाची दरी शोधा. दरी सापडली नाही, तर नोंदींचा वेग कमी पडला आहे.

## टप्पा १०: मॉडेल आणि चाचणी जुळवताना

येथे एकच नियम पाळावा. टप्पा २ आणि ४ मध्ये स्वतंत्रपणे मोजलेल्या राशी चाचणीशी जुळवण्यासाठी बदलायच्या नाहीत. बदलता येतील त्या फक्त दोन-तीन राशी, ज्या वेगळ्या मोजणे खरोखर कठीण आहे, जसे रिळाच्या खोक्यात केबलसोबत फिरणाऱ्या पाण्यामुळे कमी होणारा रोध आणि कडीवरचे ओले घर्षण. त्या संथ फेऱ्यांवर ठरवा आणि मग तशाच ठेवून थांबण्याच्या फेऱ्यांचे भाकीत करून पाहा.

तुलना सरासरी ताणाची करू नका. सरासरी जवळजवळ कोणत्याही मॉडेलची जुळते. फेऱ्यातील सर्वांत कमी ताण, तो कोणत्या क्षणी आला, आणि मर्यादेखाली तो किती काळ राहिला, या तीन आकड्यांची तुलना करा. मॉडेल किमान ताण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत असेल, तर ते वापरण्यायोग्य नाही, मग कमाल ताण कितीही अचूक जुळलेला असो. किमान ताण प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवत असेल, तर निदान चूक सुरक्षित बाजूला आहे आणि रचना पुढे नेता येते.

शेवटी अहवालात मॉडेलची मर्यादा तिच्या आकड्यांसह लिहा: कोणत्या त्रिज्येपर्यंत, कोणत्या वेगापर्यंत, कोणत्या तापमानाला आणि किती दिवस भिजवलेल्या केबलसाठी ते पडताळले आहे. रिळाच्या शेवटच्या थरांची चाचणी राहिली असेल, तर तेही तेथेच लिहा, म्हणजे समुद्रात यान पाठवणारा माणूस तेवढी केबल रिळावर शिल्लक ठेवून परत फिरेल.